दुसऱ्या घंटेनंतर

चिपिंग हॅलम,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
वरदाचा वाकून नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली वाकणं कागदावरच होतं, तेवढं चालवून घे.

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, तेव्हा पत्रांचा हा तोडगा उत्तम. रेखावहिनींना सांग, जवसाची चटणी पोचली आणि संपलीसुद्धा.

तू म्हणतोस, त्या झोपाळू आडगावात एकटी काय करतेस, घर विकून इकडे लंडनला, पिनरला ये. झोपाळू कसलं डोंबलाचं! तीस वर्षं मी इथे डॉक्टरकी केली, अर्धं गाव माझ्या हातून लस टोचून घेऊन मोठं झालंय. आता निवृत्तीनंतर दर शनिवारी मी लोकांना गाव दाखवत हिंडते. आमच्या इतिहास मंडळातल्या इतर बायका फेरीत खिडक्या आणि गुलाब दाखवतात. मी रक्त दाखवते, म्हणून माझ्या फेरीला गर्दी जास्त. चर्चच्या दारावर राजा आणि पार्लमेंटच्या यादवीतल्या गोळ्यांची भोकं आहेत, त्यांत मी एकेकाला बोट घालायला लावते. चौकात लोणीबाजाराचा दगडी मंडप आहे. त्याच्या पायरीशी जमिनीत एक लोखंडी कडी आहे. तिला बैल बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचे, कारण काय, तर चिडून मेलेल्या बैलाचं मांस मऊ लागतं. मग ती गोल दगडी कोठडी, जिथे दारुडे आणि चोर डांबायचे. हे सगळं मी अगदी रंगवून सांगते आणि लोक शहारतात. तुला माहीत आहे, मला लहानपणापासून असल्या गोष्टी आवडतात.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बॉल. यंदा चार मार्चला आहे. चर्चची घंटा, तिला इथे मार्जरी म्हणतात, एकदा वाजली की टेकडीवाले आणि नदीवाले असे दोन्ही बाजूंचे शेकडो पुरुष एका जड चामडी चेंडूवर तुटून पडतात. दुकानांना फळ्या ठोकतात. गर्दीत कुणी फोन काढला तर तो घोड्यांच्या जुन्या हौदात बुडवतात. वर्षभराची भांडणं लोक त्या दिवसासाठी राखून ठेवतात. दोन घंटांच्या मधे जे होतं त्याची तक्रार नाही, आणि दुसरी घंटा झाली की बोटसुद्धा लावायचं नाही. पडलेल्याने हात वर केला तर शत्रूनेही त्याला उठवायचं. दोनेकशे वर्षांपूर्वी एका खाटकाने दुसऱ्या घंटेनंतर एकाला ठार केलं, तेव्हा त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला धरून त्या कोठडीत टाकलं, साक्ष दिली आणि फासावर जाऊ दिलं. हे सांगताना माझी छाती दर वेळी फुगते, जसं काही माझेच पूर्वज ते!

यंदा माझा क्षितिज टेकडीवाल्यांकडून अगदी पुढच्या फळीत आहे. कारण तुला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीच्या त्या आठवड्यात त्याच्या फार्मसीची काच फोडली, सूनबाई निवेदिताची भुवई फाटली, मीच टाके घातले. ती मेडनहेडला आईकडे गेली ती अजून परतली नाही. तोंड बांधलेलं असलं तरी वीट मारणारा डीन स्किनर होता हे क्षितिजने ओळखलं होतं. तो पोलिसांकडे नाव द्यायला निघाला, तेव्हा घंटा वाजवणाऱ्या पॉलार्डनी त्याला सांगितलं, की गावचं गावात, बॉलच्या दिवशी बघून घे. मलाही ते पटलं. म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाव आपल्याला आपल्यातलं समजून सल्ला देतंय, तो मोडायचा कशाला?

पुढचं चार तारखेनंतर. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वरदा

पिनर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. वरदास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, आणि वहिनीचे माझ्याहून जास्त.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, तेव्हा वाटलं बैल फार्मसीत शिरला. गंमत बाजूला ठेव. तुझं गाव मला आवडायला लागलंय. इथे पिनरमध्ये कुणाच्या कुंपणाचं पान आपल्या बाजूला पडलं तर वकिलाची नोटीस येते. त्यापेक्षा मंगळवारी चिखलात भिडणारी माणसं परवडली.

क्षितिजला माझा निरोप अक्षरशः वाचून दाखव. बाबा रे, आपल्या घराण्यात अरेला कारे म्हणायची पद्धत आहे. तुझी आई धरमपेठेच्या शाळेत एका दांडगट पोराच्या दंडाला अशी चावली होती, की त्याला आठ दिवस फुलशर्ट घालावा लागला. मी स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून पहिल्या साइटवर गेलो तेव्हा फोरमनने मला एक घाणेरडं नाव ठेवलं. मी त्याची कॉलर धरली, त्यानंतर तो मला सर म्हणायला लागला. सुनेच्या कपाळातून रक्त काढणाऱ्याला नुसतं सोडायचं? मुळीच नाही. एक सणसणीत ठेवून दे, मामाच्या नावाने. असा ठेव, की पुन्हा आपल्या दाराकडे बघताना त्याची मान आपोआप खाली गेली पाहिजे.

तू औक्षण कर, वरदा. दसऱ्याला शस्त्रांना हळदकुंकू लावतो ना, तसं त्या पोराच्या बुटांना लाव. वहिनी इथून ओरडतेय की म्हाताऱ्या, पोराला भरीला घालू नकोस. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. सविस्तर कळव, एकही ठोसा गाळू नकोस.

तुझा, कानाने बहिरा पण मनाने नव्हे,
दादा

चिपिंग हॅलम,
७ मार्च २०२५

ती. दादास,
नमस्कार.

डीन स्किनर मेला. हे आधी लिहिते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन.

सकाळी सगळं तू सांगितलंस तसं केलं. दारात औक्षण केलं, बुटांच्या टोकांना कुंकू लावलं, तुझा निरोप मोठ्याने वाचला आणि शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितला. ते टाळ्या वाजवत होते. मग मी नेहमीप्रमाणे माझी बॅग घेऊन मंडपाच्या पायरीवर उभी राहिले. मार्जरी वाजली, आणि चौकात नुसता गुरांचा लोंढा सुटल्यासारखं झालं. माणसांच्या अंगाची वाफ वर चढते, आतून हाडांवर हाडं आपटल्याचा आवाज येतो. एकाचा खांदा निखळला, तो मी भिंतीला टेकवून जागेवर बसवला. एकाचं नाक गालावर वळलं होतं. एकाने आपला तुटलेला दात माझ्या हातात आणून दिला आणि परत आत घुसला. दादा, खरं सांगते, मला मजा येत होती. मी ओरडत होते.

संध्याकाळी शेवटचा ढीग माझ्यासमोर, बैलाच्या कडीवर पडला. वीस-पंचवीस माणसं एकमेकांवर. चेंडू कुठे, हात कुणाचा, काही कळेना. घंटा झाली, ढीग मोकळा झाला, आणि डीन उठला नाही. मी धावले. डाव्या कानातून रक्त येत होतं. कानशिलावर हात ठेवला तर बोटाखाली हाड खचत होतं. तो शुद्धीवर होता. मला ओळखून डॉक्टर म्हणाला, आणि कोण जिंकलं म्हणून विचारलं. टेकडीवाले जिंकले होते. मी त्याला सांगितलं, तुम्ही जिंकलात, नदीवाले. तो हसला आणि मग माझ्या मांडीवर उलटी केली. थोड्या वेळाने त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागली, तेव्हा मला सगळं कळलं. शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरेपर्यंत मी त्याची मान धरून चिखलात बसले होते, आणि त्याच्या टाचांचे झटके माझ्या पोटरीवर लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. एकतीस वर्षांचा होता. लहानपणी माझ्याकडे लसीला आला की आधी आईच्या मागे लपायचा आणि मग माझ्याकडे लिमलेटची गोळी मागायचा.

पोलीस येऊन गेले. मी जखमा सांगितल्या. माझे कपडे त्यांनी पिशवीत घालून नेले. त्याची आई मॉरीन दवाखान्यात वीस वर्षं माझी रिसेप्शनिस्ट होती. तिच्या दाराशी दोनदा गेले आणि परत आले.

जास्त लिहवत नाही.
वरदा

पिनर,
११ मार्च २०२५

चि. वरदास,
आशीर्वाद.

वाईट झालं. वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये, फक्त औषधाची गोळी ताटाशेजारी आपटते.

पण मी म्हातारा झालो असलो तरी तुझा भाऊ आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात खांदा आहे, नाक आहे, कुणाचा दातही आहे. औक्षणानंतर क्षितिजचं नाव एकदाही नाही. त्याला लागलं का? तो कुठे होता? त्याचा फोन कुणी उचलत नाही आणि निवेदिताला काही माहीत नाही. सरळ लिही. मला काय ऐकावं लागेल याची मला भीती वाटतेय, पण तरी लिही.

वाट पाहतोय,
दादा

चिपिंग हॅलम,
१५ मार्च २०२५

ती. दादास,

तू ओळखलंस. मग ऐक.

दुसरी घंटा आधी झाली. मार्जरीचा पहिला ठोका पडला तसे सगळे हात सोडून मागे झाले, कुणी हसत होतं, कुणी थुंकत होतं. डीन गुडघ्यांवर आला होता. त्याने रीतीप्रमाणे एक हात वर केला, उठवा म्हणून. समोर क्षितिज होता. मला वाटलं तो हात देतोय. खरंच, दादा, क्षणभर मला वाटलं, बघा माझा मुलगा, भांडण संपलं, आता शत्रूला उठवतोय. त्याने एका हाताने डीनचा हात धरला, आणि तसाच धरून त्याच्या कानशिलात लाथ घातली. डीन खाली गेला तरी हात सोडला नाही. पुन्हा मारली. पुन्हा मारली. हा आवाज मी आयुष्यभर ऐकत राहणार आहे. लोकांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. कपाळावर माझंच कुंकू घामाने नाकावर ओघळलेलं होतं.

एवढ्या जणांनी पाहिलं. कुणीही बोललेलं नाही. चौकातल्या बँकेचा कॅमेरा होता, पण बँकच दोन वर्षांपूर्वी बंद झाली. ज्यांनी लपून फोनवर काढलं त्यात नुसत्या पाठी आणि वाफ. पोलिसांना सगळे एकच सांगतायत, की ढीग होता, कुणाचा पाय कुणास ठाऊक. नदीवालेसुद्धा! डीनच्या बाजूचे! कारण बोललं तर सरकार बॉल बंद करेल.

आणि दादा, गाव आता आमच्यावर प्रेम करतंय. रोज दारात कुणीतरी झाकलेली डिश ठेवून जातं. ज्या बाईने तीस वर्षांत मला वरदा म्हणून हाक मारली नाही, तिने मला मिठी मारली. काल पॉलार्ड आले, हातात गोडाची डिश, रुबार्बचा क्रंबल. बसले, चहा प्यायले, आणि म्हणाले की त्या दिवशी त्यांचा हात दुखत होता, घंटा जरा उशिरा झाली, ते तसं पोलिसांना सांगणार आहेत. मी तीस वर्षं ज्या माणसाचं कौतुक केलं, की मार्जरी कधी खोटं वाजत नाही, तो माणूस माझ्या मुलासाठी घंटा मागे-पुढे करायला तयार आहे. घंटेआधी लागलं असेल तर तो अपघात, ढिगातला कुणाचाही पाय. घंटेनंतर लागलं असेल तर तिथे एकच पाय होता. जाताना ते म्हणाले, की तुमचा मुलगा आता हॅलमचा आहे. हेच ऐकायला मी जन्मभर तडफडले होते.

क्षितिज दुकान उघडतो, गोळ्या मोजतो, घरी येऊन जेवतो. त्या दिवशीचे बूट मागच्या दाराशी आहेत. त्याने धुतले नाहीत आणि मीही हात लावला नाही.

मृत्यूची चौकशी होणार आहे. एकतीस तारखेला, सोमवारी, मला सविस्तर जबाब द्यायचा आहे, डॉक्टर म्हणून आणि सगळ्यात जवळ उभी असलेली म्हणून. काय करू ते सांग. नाही, सांगू नकोस. नुसतं लिही काहीतरी.

वरदा

पिनर,
२० मार्च २०२५

चि. वरदास,

मी देवासमोर बसून हे लिहितोय. मी देवासमोर कधी बसतो ते तुला माहीत आहे, म्हणून सांगितलं.

गप्प बस. वरदा, हात जोडतो, गप्प बस. तू त्याची आई आहेस. तू खोटं बोलू नकोस, फक्त पाहिलं नाही म्हण. वय आहे, मोतीबिंदू आहे, गर्दी होती. गेलेला परत येत नाही, आणि जो आहे त्याला तू आपल्या हाताने जन्मठेपेला पाठवणार? निवेदिताचं काय? तो डीन काय साधुसंत होता? त्याने वीट मारली नसती तर हे झालंच नसतं. अख्खं गाव तुझ्या पाठीशी उभं असताना तूच का फितूर होतेस? तुला लहानपणापासून खरेपणाची भारी खाज. बाबांच्या पेनची निब मी मोडली हे तूच सांगितलंस आणि वेताचे वळ माझ्या पोटऱ्यांवर उठले. तेव्हा वळ होते, आता मुलगा आहे.

वहिनी म्हणते मी लिहूच नये. ती म्हणते, ज्याने आग लावली त्याने पाण्याचे सल्ले देऊ नयेत. तिचं बरोबर असेल. मला झोप लागत नाही. तरी तेच लिहितो, गप्प बस.

तुझा,
दादा

चिपिंग हॅलम
२८ मार्च

डिअर मामा,
नमस्कार.

मी मराठीत लिहितो, कारण हे इंग्लिशमध्ये लिहिलं तर पोलीस स्टेटमेंटसारखं वाटेल. चुका असेल तर सॉरी. आई शनिवारी शिकवायची तेवढंच येतो.

तुमचा पत्र आईने टेबलवर ठेवला होता, मी वाचला. तुम्ही तिला गप्प बस म्हणालात. थँक यू. मला पण तेच पाहिजे. आणि नको पण. मी रोज दुकानात उभा असतो आणि कस्टमर येतात, माझा हात दाबतात, वेल डन असं डोळ्यांनी बोलतात. एक म्हातारा माणूस मला म्हणाला, तू खरा हॅलम बॉय. मी इथे जन्मलो. तेहतीस वर्षं कोणी असं नाही म्हणालं. माणूस मारल्यावर म्हणाले.

तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही लिहिलं होतं की एक ठेवून दे, मामाच्या नावाने. मी तीन ठेवले. पहिली निवेदितासाठी, ते मला माहीत आहे. दुसरी आणि तिसरी कोणासाठी, मला नाही माहीत. तो हात वर करून थांबला होता. त्याला वाटलं मी उठवणार. त्याचा हात गरम होता.

मी तुम्हाला ब्लेम नाही करत. पाय माझा होता. पण तुम्ही आईला परत काही सांगू नका. गप्प बस पण नको, बोल पण नको. सोमवारी ती जाणार आहे, गाडी मी चालवणार आहे, कारण तिच्या डोळ्याचा ऑपरेशन अजून नाही झाला.

मामींना नमस्कार सांगा.
तुमचा भाचा,
क्षितिज

पिनर,
२ एप्रिल २०२५

चि. वरदास,

क्षितिजचं पत्र आलं. वहिनीने ते मोठ्याने वाचलं. कानातलं यंत्र काढून ठेवावंसं वाटलं, काढलं नाही. सगळं ऐकलं.

मी काही सांगत नाही. सोमवार होऊन गेला, हेही मला माहीत आहे. झालं असेल ते झालं. तुला यायचं असेल तर खोली झाडून ठेवलीय, त्याला यायचं असेल तर त्यालाही.

दादा

चिपिंग हॅलम,
१८ मे २०२५

ती. दादास,
वरदाचा नमस्कार. रेखावहिनींच्या पायाला हात लावून.

दीड महिना पेन धरवलं नाही. तुला फोनवर निवेदिताने कळवलं ते खरं आहे. मी सांगितलं. आधी घंटा, मग लाथ, आणि कुणाची ते. जबाब घेणारी पोरगी माझ्या मुलापेक्षा लहान होती. ती लिहिता लिहिता थांबली आणि पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हटलं आणि हाडाचा कुठला भाग खचला तेही तिला नीट लिहून घ्यायला लावलं.

क्षितिजने मला पोलीस ठाण्याच्या दाराशी सोडलं होतं, गाडी लावतो म्हणाला होता. मला वाटलं, गेला. बाहेर आले तर तो तिथल्या बाकावर कोटाची घडी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी पिशवीत ते बूट. मला गाडीची किल्ली दिली, मी गाडी चालवू शकत नाही हे विसरूनच. मग उठून आत गेला. मी टॅक्सीने घरी आले. सप्टेंबरमध्ये खटला आहे, तोवर तो आतच राहील. दर आठवड्याला जाते. दुसऱ्या भेटीत त्याने विचारलं, आई, मला डॉक्टर म्हणून बघितलंस की आई म्हणून. मी म्हटलं, दोन्ही डोळ्यांनी बघितलं रे राजा. निवेदिता मेडनहेडहून भेटायला येते, भुवईवरची खूण केसांखाली लपवत नाही आता.

गावाने काच फोडली नाही. त्यांनी नुसत्या माना फिरवल्या. डिशेस थांबल्या. पॉलार्ड मला बघून रस्ता ओलांडतात. त्यांना पोलिसांपुढे आपला शब्द फिरवावा लागला, ते त्यांना फार लागलंय. इतिहास मंडळाने कळवलं, की सध्या फेरी नको. मी कळवलं, की मी चौकात उभी असेन, कुणी येवो न येवो. चार शनिवार एकटी उभी राहिले, छत्री घेऊन, वेड्यासारखी.

काल मॉरीन आली.

मला वाटलं, आता ही थुंकेल. मी सरळ उभी राहिले. ती म्हणाली, की नेहमी लोकांना दाखवतेस तसं मला सगळं पहिल्यापासून दाखव. त्याआधी ती कधी माझ्या फेरीला आलीच नव्हती. मी दाखवलं. चर्चच्या दारातल्या भोकात तिने बोट घातलं. कोठडीत डोकावली. त्या खाटकाची गोष्ट मी गाळायला लागले, तर म्हणाली सांग. सांगितली. माझा आवाज पूर्वीसारखा रंगेना, तो आता रंगणारही नाही.

मग मंडपाशी आलो. कडीपाशी ती थांबली आणि म्हणाली, इथे काय झालं तेही सांग, इतरांना सांगतेस तसं, मोठ्याने. दादा, बाजाराचा दिवस होता, भाजीवाले, चीजवाले, सगळे ऐकत होते. मी सांगितलं. मार्जरी वाजली, सगळे मागे झाले, डीनने हात वर केला. माझ्या मुलाने, क्षितिजने, तो धरला आणि लाथ मारली. तीनदा. तो माझ्याशी शेवटचं काय बोलला तेही सांगितलं, आणि मी त्याला तुम्हीच जिंकलात असं खोटं सांगितलं तेही. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी तिला धरलं. तिने धरू दिलं.

नंतर आम्ही पायरीवर बसलो. ती हळूच म्हणाली, की वीट डीननेच मारली होती. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या बुटांच्या तळांत काचा होत्या. त्या तिने स्वयंपाकघरात बसून चिमट्याने काढल्या, बूट धुतले, आणि कुणी विचारलं तर घरीच होता म्हणाली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, की ती तेव्हा बोलली असती, तर आज तो तुरुंगात असता. तिलाही दर आठवड्याला भेटीला जाता आलं असतं, माझ्यासारखं. मी नुसती तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

तेव्हा पिनरची खोली रिकामीच असू दे. मॉरीन येत्या शनिवारीही येणार आहे, आणि पुढच्याही. म्हणाली, दर वेळी इथे थांबायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. कुणाचं, ते तिने सांगितलं नाही. मी दोघांचंही घेईन.

तुझी बहीण,
वरदा